टोपण हेच बटण



घरातल्या विजेवर चालणाऱ्या जवळजवळ प्रत्येक वस्तूला बंद करायचं बटण असतं. मिक्सरला असतं, टॉर्चला असतं, देवघरातल्या छोट्या दिव्यांच्या माळेलाही असतं. माझ्या बाबांच्या कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाला मात्र असं बटण नाही. सेल घातला की तो सुरू, आणि सेल काढेपर्यंत सुरूच. ही एवढी गोष्ट ठाऊक नसल्यामुळे आमच्या घरात दीड वर्षभर एक गैरसमज मुक्कामाला होता. तो कसा निघाला ते आज सविस्तर लिहिते. तुमच्या माहेरी किंवा सासरी कपाटाच्या वरच्या फळीवर असा एखादा जुना रोलचा कॅमेरा असेल तर उपयोगी पडेल.

बाबांचा कॅमेरा म्हणजे पेंटॅक्स के1000. जपानच्या असाही ऑप्टिकल कंपनीने 1976 साली हे मॉडेल आणलं आणि 1997 पर्यंत ते बनत राहिलं. जगभरात तीस लाखांहून अधिक विकले गेले म्हणतात. आपल्याकडेही लग्नाचे फोटो काढणारे, वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार, शिकाऊ मुलं, अनेकांच्या गळ्यात हा असे. बाबांनी तो मुंबईच्या बोरा बाजारातून वापरलेला घेतला होता. आम्हा भावंडांचे सगळे वाढदिवस, अमरावतीच्या घराच्या वास्तूचे फोटो, आजीबरोबर केलेल्या यात्रा, सगळं या एका डोळ्यातून आलेलं आहे.

मधे बरीच वर्षं तो कपाटात होता. बाबांच्या पंचाहत्तरीला माझ्या भाच्याने हौसेने दोन रोल आणून दिले. छत्तीस-छत्तीस फोटोंचे, 200 स्पीडचे. बाबा हरखले. पण त्याच सुमारास त्यांच्या वाचनात आलं की फिल्मवर चांदीच्या क्षारांचा जो थर असतो तो जिलेटिनमध्ये बसवलेला असतो, आणि हे जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून बनतं. आयुष्यभर कंदमूळ न खाल्लेला माणूस. दोन दिवस गप्प होते. मग म्हणाले, “आलेलं वाया घालवायचं नाई, अन् नवं आणायचं नाई.” म्हणजे हिशोब ठरला. बहात्तर फोटो, आणि मग कॅमेऱ्याला कायमची विश्रांती. त्यातले निम्मे मुक्तागिरीला काढायचे असंही ठरलं.

बहात्तरच फोटो काढायचे म्हटल्यावर एकही चुकून चालणार नव्हतं. आणि नेमका तेव्हाच प्रकाशमापक रुसला.

हा प्रकाशमापक म्हणजे काय ते आधी सांगते. कॅमेऱ्यात डोळा लावला की उजव्या बाजूला एक बारीक काटा दिसतो. समोर उजेड किती आहे, तुम्ही भिंगाचं छिद्र किती उघडलं आहे, पडदा किती वेळ उघडणार आहे आणि फिल्म किती स्पीडची आहे, या सगळ्याचा मेळ बसला की काटा मधोमध येतो. वर गेला तर उजेड जास्त, खाली गेला तर कमी. बाबांच्या कॅमेऱ्यातला काटा खालीच बसून राहायचा. नवा सेल घातला की आठ-पंधरा दिवस बरा चालायचा, मग पुन्हा आडवा.

अमरावतीतल्याच एका दुकानात दाखवला. “मीटर गेलं काका. पार्ट मिळत नाहीत. शोकेसमध्ये ठेवा,” असं सांगून त्यांनी तो परत दिला. त्यात नवल नाही, आता हे कॅमेरे रोज कोण उघडून बघतं? पण बाबांच्या मनात वेगळंच बसलं. त्यांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. पूर्वी ते मापकाकडे फारसं न बघताच सांगायचे, “टळटळीत ऊन हाय, 16 अन् अडीचशे.” म्हणजे छिद्र एफ/16 आणि पडद्याचा वेग सेकंदाचा 1/250 भाग. भर उन्हात 200 च्या फिल्मला हा जुना आडाखा अगदी बरोबर आहे. पण आता त्यांचा अंदाज एक सांगायचा आणि काटा दुसरंच. तेच ऊन, तेच अंगण, आणि काटा म्हणतो अंधार आहे. बाबांनी काट्यावर विश्वास ठेवला. “मले आता उजेडच समजत नाई,” असं म्हणून त्यांनी रोल स्टीलच्या डब्यात ठेवून दिले. आईने मला फोनवर हे सांगितलं तेव्हा कॅमेऱ्यापेक्षा मला त्या वाक्याचंच जास्त वाईट वाटलं.

अकोल्याहून अमरावती काही लांब नाही, मूर्तिजापूर, बडनेरा की आलंच. दिवाळीनंतर चार दिवस माहेरी गेले तेव्हा माझ्या आठवीतल्या लेकाचं मल्टिमीटर सोबत घेतलं. त्याच्या विज्ञानाच्या पेटीतलं, साधंच.

सगळ्यात आधी एक गोष्ट तपासली. सेल काढून ठेवला, फिल्म नसलेला कॅमेरा हातात घेतला आणि एकेक वेग लावून बटण दाबत गेले. एक सेकंदापासून 1/1000 पर्यंत पडदा खडाखड चालला. के1000 ची ही मोठी गंमत आहे. त्याचा पडदा स्प्रिंगवर चालतो, त्याला वीज लागतच नाही. सेल लागतो तो फक्त त्या काट्याला. म्हणजे कॅमेरा धडधाकट होता. प्रश्न काय तो सेल आणि काटा यांच्यातला होता.

मग कॅमेऱ्याच्या तळाचं गोल झाकण नाण्याने फिरवून उघडलं. आत कडेला पांढरट-हिरवट भुकटी जमली होती. अल्कलाइन सेल संपल्यावर तसाच आत राहिला, त्यातून आपल्या अकोला-अमरावतीचा उन्हाळा, की सेल पाझरतो आणि त्याचा क्षार धातूवर असा बसतो. त्या पापुद्र्यातून वीज नीट जात नाही, मग चांगला सेलही मेल्यासारखा वागतो. क्षारावर उपाय आंबट. कानाच्या काडीच्या टोकाला लिंबाच्या रसाचा अगदी एक थेंब लावला, काडी जवळजवळ कोरडीच असावी, आणि हलक्या हाताने पुसलं. मग औषधांच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल दुसऱ्या काडीवर घेऊन रस पूर्ण काढला. अर्धा तास वाळू दिलं. झाकणाच्या आतला धातू शाळेच्या पांढऱ्या खोडरबराने घासला तर लख्ख झाला. रस ओघळून आत जाऊ द्यायचा नाही, एवढीच काळजी.

आता सेलकडे वळू. बाबांना विचारलं, तुम्ही घालत होता ते सेल कुठले? त्यांनी आईच्या औषधांच्या डब्याकडे बोट दाखवलं. आईच्या कानाच्या यंत्राचे सेल! 675 नंबरचे. आणि खरोखर, ते या कॅमेऱ्यात चपखल बसतात, कारण आकार तोच आहे, साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास रुंद आणि साडेपाचच्या आसपास जाड. घरात आहेत तर बाहेरून कशाला आणा, हा त्यांचा काटकसरीचा विचार. पण कानाच्या यंत्राचा सेल वेगळ्या जातीचा असतो. तो जस्त आणि हवा यांवर चालतो. त्याच्यावरचा चिकट कागद सोलला की छिद्रांतून हवा आत जाते आणि तो जागा होतो. एकदा जागा झाला की वापरा नाहीतर ठेवा, काही आठवड्यांत तो आपोआप सुकतो. यंत्राला रोज वीज लागते म्हणून तिथे ते चालून जातं. महिन्यातून एकदा हातात घ्यायच्या वस्तूला हा सेल परवडणारा नाही.

या कॅमेऱ्याला दोन सेल चालतात. एक एलआर44, म्हणजे अल्कलाइन, घड्याळाच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मिळणारा. दुसरा एसआर44, म्हणजे सिल्व्हर ऑक्साइडचा, त्याहून बराच महाग. अल्कलाइनचा दाब दीड व्होल्टपासून सुरू होऊन हळूहळू उतरत जातो. सिल्व्हरचा 1.55 व्होल्टच्या आसपास जवळजवळ शेवटपर्यंत टिकतो आणि मग एकदम पडतो. शिवाय तो पाझरतोही कमी. वर्षाला एखादाच लागणार असेल तर सिल्व्हरच घ्यावा. मी दोन घेतले, पाकीट फोडायच्या आधी त्यावरची तारीख बघून.

तरीही मुख्य प्रश्न उरलाच होता. बाबांनी मधे एकदा दुकानातून अल्कलाइन सेलही आणून घातला होता, तोही दोन महिन्यांत संपला होता. वीज जात होती कुठे?

उत्तर या प्रकाशमापकाच्या स्वभावात आहे. त्याच्या आत कॅडमियम सल्फाइडचे दोन छोटे तुकडे असतात, डोळा लावायच्या खिडकीच्या दोन्ही बाजूंना. हा पदार्थ अंधारात विजेला जवळजवळ जाऊच देत नाही आणि उजेड पडला की वाट मोकळी करतो. जितका उजेड जास्त तितकी वीज जास्त. त्या विजेनेच काटा हलतो. कंपनीने बटण न देण्याचं कारणही यातच आहे. भिंगावर टोपण असेल तर आत अंधार, अंधार असेल तर वीज जवळजवळ थांबलेली. म्हणजे टोपण हेच बटण. कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेतही वापर नसताना टोपण लावून ठेवा असंच सांगितलेलं आहे.

आणि बाबांच्या कॅमेऱ्याचं टोपण कुठल्याशा प्रवासात कधीचंच हरवलं होतं! वर कॅमेरा ठेवलेला बैठकीतल्या काचेच्या कपाटात, पूर्वेच्या खिडकीसमोर. दिवसा ऊन, संध्याकाळी ट्यूबलाइट. आम्ही सगळे जेवत होतो, झोपत होतो, गावाला जात होतो, आणि तो बिचारा दिवसभर खिडकीतला उजेड मोजत बसला होता.

बाबांना हे नुसतं सांगून पटणार नव्हतं, म्हणून दाखवलं. तळाचं झाकण उघडं ठेवून मल्टिमीटरची एक सळई सेलच्या वरच्या तोंडाला आणि दुसरी कॅमेऱ्याच्या उघड्या धातूला लावली. यंत्र मिलिअँपिअरच्या सगळ्यात लहान पट्टीवर. लेकाने भिंग खिडकीकडे धरलं, आकडा चढला. तळहात भिंगावर ठेवला, आकडा उतरून जवळजवळ शून्यावर आला. हात काढला, पुन्हा चढला. बाबांनी स्वतः तीनदा करून पाहिलं आणि म्हणाले, “म्हंजे हा डोया उघडा ठेवूनच झोपत होता!”

ज्यांना हिशोब आवडतो त्यांच्यासाठी थोडं गणित. आकडा सोयीसाठी धरते. छोट्या सेलमध्ये साधारण 120 मिलिअँपिअर-तास वीज असते असं धरा. उजेडात कॅमेरा 0.1 मिलिअँपिअर घेत असेल तर 1200 तास, म्हणजे रोज अठरा-वीस तास उजेड मिळाला तर दोन महिने. टोपण लावल्यावर हाच खर्च शंभरावा भाग झाला तर सेल खर्चून संपणारच नाही, वयोमानानेच संपेल. फरक एवढा मोठा आहे.

मग दुरुस्ती काय केली? पेंटॅक्सच्या 50 मिलिमीटर एफ/2 भिंगाच्या तोंडाचा आटा 49 मिलिमीटरचा असतो, त्या मापाचं साधं टोपण मागवलं. ते येईपर्यंत जुन्या काळ्या कोटाच्या अस्तराची दुहेरी पिशवी शिवली. कापड बल्बसमोर धरून बघितलं, उजेड आरपार दिसला म्हणून दुहेरीचं तिहेरी केलं. पिशवी टोपण आल्यावरही ठेवली आहे, कारण मापकाचे तुकडे मागच्या खिडकीजवळ असल्यामुळे तिथूनही थोडा उजेड आत शिरतो. टोपण पुढून झाकतं, पिशवी मागून. कॅमेरा बैठकीतून काढून आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवला, जिथे उन्हाळ्यातही जरा थंड असतं. महिनाभर वापर नसेल तर सेलच काढून ठेवायचा, हेही ठरलं. सेल घातल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली, गॅस सिलिंडरची लिहितो तशीच.

मापक खरं बोलतो का हे पाहायला दोन परीक्षा घेतल्या. पहिली सोपी. फिल्मचा स्पीड 100 वर, वेगाची चकती बी या अक्षरावर, टोपण काढून उजेडाकडे धरायचं. काटा वर उसळला तर सेल ठीक. दुसरी परीक्षा म्हणजे फोनमध्ये प्रकाशमापकाचं ॲप घेऊन एकाच भिंतीवर दोघांना विचारलं. सावलीत, व्हरांड्यात, उन्हात, तीनही ठिकाणी दोघांचं उत्तर जवळपास सारखं आलं. तिसरा साक्षीदार बाबा. त्यांना आधी विचारायचं, मग काटा बघायचा. अंगणात ते म्हणाले, “16, अडीचशे.” काटा मधोमध. ते काही बोलले नाहीत. आत जाऊन रोलचा डबा घेऊन आले.

सेल घातल्याला आता पाच महिने झाले. मागच्या खेपेला मोजला तेव्हा 1.55 दाखवत होता.

तुमच्याकडे दुसरा कॅमेरा असेल तर त्याचं बटण दुसरीकडे लपलेलं असेल. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकला भिंगाच्या शेजारी सरकवायची कळ आहे. निकॉन एफएमला फिल्म पुढे सरकवायचा दांडाच बटण आहे, तो थोडा बाहेर राहिला की मापक सुरू, म्हणून ठेवताना आत दाबून ठेवावा. कॅनोनेट क्यूएल17 जी-III मध्ये छिद्राची कडी ए या अक्षरावर असेल तर मापक जागा असतो, कडी तिथून हलवून ठेवावी. यॅशिका मॅट 124जी, स्टुडिओवाल्यांचा तो उभा डबा, त्याचं वरचं झाकण उघडलं की मापक सुरू होतो आणि मिटलं की बंद. या यॅशिकाला आणि कॅनोनेटला मूळचा सेल 1.35 व्होल्टचा पाऱ्याचा लागे. पारा विषारी म्हणून ते सेल आता बनत नाहीत. मिनामाता करारानंतर जगभरच ते मागे पडले. त्यांच्या जागी साधा दीड व्होल्टचा घातला तर काटा चालतो पण थोडं चुकीचं सांगतो, हे लक्षात ठेवावं. सगळं करूनही, टोपण लावून अंधारात ठेवूनही सेल आठवड्यात संपत असेल, तर आत कुठेतरी तार चिकटली आहे. तिथे आपली काडी-लिंबू थांबवून जाणत्या कारागिराकडेच जावं.

आणखी एक, आई म्हणून सांगते. हे बटणाएवढे सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला गेला तर अन्ननलिका काही तासांत भाजते, क्षणही न दवडता दवाखाना गाठावा लागतो. संपलेले सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायचे नाहीत. 2022 पासून बॅटरीच्या कचऱ्याचे नियम आहेत. ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यावेत. मी चिकटपट्टी लावून एका बरणीत साठवते. मातीत, पाण्यात किती जीव आहेत हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे, तिथे एक सेलही टाकवत नाही.

पहिला रोल मुक्तागिरीला लागला. परतवाड्यापासून पुढे घाट सुरू झाला की बाबा खिडकीशी सरसावून बसले. पायऱ्या चढताना दर वळणावर थांबत होते, दम घ्यायला आणि उजेड बघायला. बावन्न मंदिरं, बहुतेक पांढरी, मागे काळाकभिन्न कडा. काटा मधोमध आणून माझा लेक म्हणाला, “आजोबा, आता काढा.” बाबांनी छिद्र एक घर आणखी उघडलं. लेक गोंधळला. ते त्याला समजावत होते की काट्याला पांढरं-काळं कळत नाही, त्याच्या लेखी सगळं जग करड्या रंगाचं आहे. समोर पांढरं शिखर असलं की तो घाबरून उजेड कमी करायला सांगतो आणि शिखर मळकं येतं. “त्याचं ऐकायचं, पन आपला डोयाही लावायचा.”

रोल धुवायला कुरिअरने बाहेरगावी पाठवला. छत्तीसपैकी चौतीस चांगले आले. शिखरं पांढरीशुभ्र आहेत. एका फोटोत आई पायरीवर बसून कानाचं यंत्र नीट करते आहे, तिला कळलंही नव्हतं.

दुसऱ्या रोलचे छत्तीस अजून शिल्लक आहेत. बाबांनी यादी केली आहे, त्यात पहिलं नाव कारंजाच्या मंदिरांचं आहे. कॅमेरा पिशवीत आहे, टोपण लावलेला.